पाय मागे घेणाऱ्या लेकीस

ताई, जय ख्रिस्त.

मी मूळची नगरची. चार वर्षांपासून नवरा, मुलगा आणि मी न्यू जर्सीत आहोत. जवळपास मराठी मंडळी नाही, म्हणून घरापासून दहा मिनिटांवरच्या एपिस्कोपल (अँग्लिकन परंपरेतल्या) चर्चमध्ये जाऊ लागलो. छोटी पॅरिश (स्थानिक मंडळी) आहे. रविवारी साठ-सत्तर माणसं, बहुतेक निवृत्त. कॉफी अवरचा, म्हणजे उपासनेनंतरच्या चहापाण्याच्या पाळ्यांचा कागद भिंतीवर कोरा दिसला म्हणून मी नाव लिहिलं. मग वेदीची मांडणी आणि स्वच्छता पाहणाऱ्या गटात, अल्टार गिल्डमध्ये घेतलं. मग मुलांचं एग हंट (ईस्टरची लपवलेली अंडी शोधायचा खेळ) माझ्याकडे आलं. त्यासाठी माझी पार्श्वभूमी तपासली, गुन्हेगारी नोंदी पाहिल्या. मनाला लागलं, पण बोलले नाही.

यंदा झावळ्यांच्या रविवारपासून ईस्टरपर्यंतच्या आठ दिवसांत मी सात दिवस चर्चमध्ये होते. गुरुवारी पाय धुण्याच्या विधीची भांडी, कोमट पाणी, टॉवेल मी सांभाळले (ते काम मुद्दाम मागून घेतलं, सत्तर वर्षांच्या बाईने माझ्या पायांना हात लावायचा हे मला जमणारच नाही). नंतर वेदीवरचं सगळं उतरवून ती पुसली. आठवडाभरात तेवढं एकच काम करताना शांत वाटलं. शनिवारी लिलीच्या चाळीस कुंड्या गाडीतून उतरवून मांडल्या. रात्री वर ईस्टर व्हिजिल (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) चालू होतं तेव्हा मी खाली हॉलच्या स्वयंपाकघरात अंडी उकडत होते. रविवारी उपासनेनंतर प्याल्याचे रुमाल धुवायला घेतले, तर गिल्डच्या सर्वांत जुन्या बाईंनी माझ्या हातातलं भांडं ओढून घेतलं आणि चार जणांसमोर म्हणाल्या, "हे या सिंकमध्ये ओतायचं नसतं, एवढंही माहीत नाही?" मी कोट टांगायच्या खोलीत जाऊन रडले. 120 करंज्या नेल्या होत्या, त्यांतल्या साठ परत आल्या.

मंगळवारी रेक्टरबाईंचा, म्हणजे आमच्या मुख्य धर्मगुरूंचा मेल आला. आभार मानले आहेत, आणि व्हेस्ट्रीत (पॅरिशच्या कारभार समितीत) एक जागा रिकामी आहे, येशील का, पुढच्या वर्षी अल्टार गिल्डची जबाबदारी घेशील का, असं विचारलं आहे. नवरा म्हणतो, आपण तिथे पाहुणे आहोत, सोड सगळं. आई फोनवर म्हणते, देवाच्या सेवेला नाही म्हणू नये. नोव्हेंबरमध्ये बाबा गेले, तेव्हापासून तिला दुखवणं जिवावर येतं. काय करू?

— नगरची लेक

प्रिय लेकी,

मेलला अजून उत्तर दिलं नसशील तर या आठवड्यात देऊच नकोस. पवित्र सप्ताहात एका रेक्टरला किती उपासना चालवाव्या लागतात ते तू आतून पाहिलंस. तुझ्याइतकीच ती बाईही अर्धमेली झालेली आहे. दमलेल्या बाईने दमलेल्या बाईला लिहिलेला मेल आहे तो. पुढच्या आठवड्यात दोघींनाही तो वेगळा दिसेल.

आता पत्राबद्दल. मी ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा फक्त कंसातलं वाक्य वाचलं.

मी पुण्याची, पंचहौद चर्चच्या घंटा ऐकत वाढलेली. या देशात येऊन एकतीस वर्षं झाली, त्यांतली सव्वीस अल्टार गिल्डमध्ये गेली. माझ्या पहिल्या पवित्र गुरुवारी मीही तुझ्यासारखीच युक्ती केली होती. टॉवेलांची टोपली घेऊन खांबाशी उभी राहिले, म्हणजे कुणी बोलावणार नाही. पण एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ खुर्च्यांच्या रांगेपुढे गुडघ्यांवर बसलेले, समोरची खुर्ची रिकामी, आणि ते सरळ माझ्याकडे बघतायत. मी गेले. बसले. त्यांनी माझ्या टाचेखाली हात धरला आणि मी पाय इतक्या जोरात मागे घेतला की भांडं कलंडून अर्धं पाणी त्यांच्या पँटवर. वडीलधाऱ्या माणसाला आपला पाय नुसता लागला तरी आपण वाकून नमस्कार करतो. इथे तर ते स्वतः पाय हातात घेत होते. शिवाय माझ्या टाचा तेव्हा फुटलेल्या होत्या, त्याची लाज निराळीच. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "माझे गुडघे दुखताहेत. काय ते लवकर ठरव."

मी पाय पुढे केला. रडले वगैरे नाही. मला फक्त पाणी किती गार झालंय एवढंच जाणवत होतं. पण त्या दिवसानंतर त्या चर्चमध्ये मला कधी उपरं वाटलं नाही.

आपल्या पेत्राचं तरी काय झालं? प्रभूने कमरेला रुमाल बांधला, तेव्हा बाकीचे गप्प बसले आणि हाच म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. ते धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असं उत्तर मिळालं, तेव्हा लगेच दुसरं टोक: मग नुसते पाय नकोत, हात आणि डोकंही धुवा. स्वभावच तसा. काही करायला दिलं की खूश, करून घ्यायची वेळ आली की पंचाईत. तुझ्यामाझ्यासारखा. तो विधी प्रार्थनापुस्तकात ऐच्छिक आहे, म्हणजे खुर्चीत बसलं नाही म्हणून तुला कुणी जाब विचारणार नाही. पण चार वर्षांत तू त्या लोकांना शंभर कप कॉफी दिली असशील, आणि त्यांच्याकडून एकदाही काही घेतलं नाहीस, असं मला तुझ्या पत्रातून दिसतं. चुकत असेन तर कळव.

म्हणूनच विचारते: तू चाळीस कुंड्या उतरवल्यास. त्यांतली एक बाबांच्या नावाची होती का?

पत्रात त्याचा उल्लेख नाही, यावरून नसणार असं धरते. ईस्टरच्या लिली कुठून येतात हे तुला माहीत आहेच. लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एक कागद फिरतो किंवा बाकांवर पाकिटं ठेवलेली असतात. ज्याला त्याला आपल्या गेलेल्या माणसाचं नाव लिहायचं, कुंडीचे पैसे द्यायचे, आणि ईस्टरच्या दिवशी सगळी नावं छापील पत्रकात येतात. तू तो कागद पाहिला असशील आणि वाटलं असेल, हे यांच्या लोकांसाठी आहे. यांची आजी, यांचा काका, कुणाचा युद्धात गेलेला भाऊ. नगरच्या आपल्या बाबांचं नाव त्यात कशाला? लेकी, तो कागद असल्याच नावांसाठी असतो. माझ्या आईचं नाव पहिल्या वर्षी इतकं चुकीचं छापलं गेलं होतं की ती असती तर तिने ओळखलंच नसतं. दुसऱ्या वर्षी मी मोठ्या अक्षरांत लिहून दिलं.

पुढच्या ईस्टरपर्यंत थांबायचीही गरज नाही. ईस्टर एक दिवसाचा नसतो, पन्नास दिवसांचा असतो. यंदा 5 एप्रिलपासून 24 मेपर्यंत, पेंटेकॉस्टपर्यंत. तेवढे दिवस ती मोठी पास्काची मेणबत्ती वेदीपाशी जळत राहते. या रविवारांपैकी एखाद्या रविवारची वेदीची फुलं अजून कुणी घेतली नसतील. फुलं पाहणाऱ्या बाईंना सांग, मला एक रविवार हवा आहे, माझ्या वडिलांच्या आठवणीत. नाव नीट अक्षरांत लिहून दे. आणि त्या रविवारी फुलं मांडायला तू जायचं नाही. बाकावर नवऱ्याशेजारी बसायचं, पत्रकातलं नाव मुलाला बोट ठेवून दाखवायचं, आणि आईला त्याचा फोटो पाठवायचा. आईच्या त्या वाक्याचं काय करायचं हा प्रश्न त्याने बराचसा सुटेल, असं मला वाटतं. तिला तुझी सेवा मोजायची नाहीये गं. पाच महिन्यांपूर्वी विधवा झालेली बाई आहे; सातासमुद्रापार लेकीचं देवाच्या घरात कुणीतरी आहे, एवढं तिला ऐकायचं असणार.

(लिलीवरून आठवलं. उरलेल्या कुंड्या घरी वाटतात. मांजर असलेल्या घरी एकही जाऊ देऊ नकोस. लिली मांजरांना अक्षरशः विष असते, नुसता पराग अंगावर पडून तो चाटला तरी. आमच्याकडे एकदा थोडक्यात निभावलं.)

आता त्या सिंकच्या प्रकाराकडे येते. त्यात दोन गोष्टी आहेत आणि त्या तू एकत्र कालवल्या आहेस.

पहिली गोष्ट: त्या बाईंचं म्हणणं बरोबर होतं. प्याला पुसायच्या रुमालात प्रभुभोजनात पवित्र केलेल्या द्राक्षारसाचे थेंब असतात. म्हणून ते आधी स्वच्छ पाण्यात खळबळतात आणि ते पहिलं पाणी गटारात जाऊ देत नाहीत. सॅक्रिस्टीत (वेदीची भांडी-कापडं ठेवायच्या खोलीत) बहुधा एक वेगळं छोटं सिंक असतं, त्याची नळी सांडपाण्याच्या नळाला न जोडता सरळ मातीत सोडलेली असते. तसं सिंक नसेल तर ते पाणी बाहेर झाडाच्या मुळाशी ओततात. हे ऐकून आपल्याला काही नवल वाटायला नको. निर्माल्य उकिरड्यावर टाकू नये हे आपल्या मुलखात वेगळं शिकवावं लागत नाही. आपण ख्रिस्ती झालो तरी ती जाण अंगात राहते. तुला ते कारण कुणी सांगितलं असतं तर तू त्या बाईंपेक्षा जास्त काटेकोर झाली असतीस. (त्यानंतरचं धुणं मात्र साधं आहे: गार पाणी, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. द्राक्षारस निघतो; लिपस्टिक निघत नाही. सव्वीस वर्षांच्या अनुभवाने सांगते.)

दुसरी गोष्ट: भांडं ओढून घेणं आणि चार जणांसमोर बोलणं, ही त्यांची चूक. तिला वयाची सवलत नाही. तुला गिल्डमध्ये घेतलं तेव्हाच कुणीतरी शनिवारी सकाळी तुझ्याबरोबर उभं राहून प्याला कसा पुसायचा, कॉर्पोरल (वेदीवर प्याल्याखाली अंथरायचा रुमाल) कसा घडी करायचा, पाणी कुठे ओतायचं, हे सांगायला हवं होतं. कॉर्पोरल तीन भागांत उभा आणि तीन भागांत आडवा घडी होतो, उघडला की नऊ चौकोन दिसतात. हे कुणाला उपजत येत नाही. तुला कामाला लावलं, शिकवलं नाही, आणि मग चुकलीस म्हणून बोल लावला. असं सगळ्याच पॅरिशमध्ये होतं. माणसं कमी, आलेला हात दिसला की त्यात भांडं द्यायचं. त्यात कुणाचा दुष्टावा नसतो, पण नव्या माणसाचं हसू होतं.

मी तुझ्या जागी असते तर त्या बाईंना फोन केला असता. माफी मागायला नाही, त्यांना मागायला लावायलाही नाही. एवढंच म्हणायचं: "त्या दिवशी सगळ्यांसमोर तसं बोललात ते मला लागलं. पण हे काम मला नीट शिकायचं आहे. येत्या शनिवारी शिकवाल का?" पहिलं वाक्य गाळू नकोस. आपण मराठी बायका नेमकं पहिलं गिळतो आणि दुसरं गोड आवाजात म्हणतो, मग पहिलं दहा वर्षांनी भलत्याच दिवशी बाहेर पडतं. बाई काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. पण गिल्डमधल्या म्हाताऱ्या बायकांची एक भीती मला ठाऊक आहे, कारण आता मीही त्यांच्यातलीच आहे. आपल्यामागे हे कपाट कोण उघडणार, कुठला रुमाल कुणी भरतकाम करून दिला होता हे कुणाला माहीत असणार, ही ती भीती. कधी ती खेकसण्यातून बाहेर येते.

एग हंटच्या तपासणीचं वाईट वाटून घेऊ नकोस. ती तुझी एकटीची केलेली नाही. मुलांबरोबर नेमाने काम करणाऱ्या प्रत्येकाला ते प्रशिक्षण आणि ती तपासणी लागते, रेक्टरबाईंनाही. मुलांबरोबर एकटं मोठं माणूस असू नये, दोघं असावीत, हा नियमही त्यातलाच. चर्चच्या भिंतीआड मुलांचं काय काय झालं ते उघडकीला आल्यावर हे नियम आले, आणि माझं विचारशील तर आपल्याकडच्या मंडळ्यांनीही ते उचलावेत. तुझ्या मुलाला सांभाळणाऱ्यांचीही अशीच तपासणी झालेली आहे. हे मात्र तुला आधी नीट समजावून सांगायला हवं होतं. तिथेही तेच झालं, फॉर्म दिला आणि कारण दिलं नाही.

करंज्या. साठ गेल्या ना? अगं, पहिल्या वर्षी माझ्या चिरोट्यांना कुणी हातसुद्धा लावला नव्हता, "तिखट आहे का?" विचारून लोक पुढे जायचे. गोड पदार्थाला! आता मी एक चिठ्ठी लावते: नारळ, साखर, वेलची, आणि तळलेलं आहे. चिठ्ठी वाचून खातात. कॉफी अवरची थट्टा करणारी मी नव्हे. चहा-बिस्किटांचं वजन आम्हा पुणेकरांना कुणी सांगायला नको. 1890 साली आमच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानडे चहा प्यायले, तर शहरात ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) होऊन प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. कुणाबरोबर पेला उचलायचा हा कधीच लहान प्रश्न नसतो. पण कागद कोरा दिसला की आपलंच नाव लिहायचं, हा रोग आहे. पुढच्या महिन्यात एकदा तो कागद कोराच राहू दे. एखाद्या रविवारी कॉफी नसेल. लोक चर्चच्या दारात उभे राहून बोलतील आणि घरी जातील. त्या पुढच्या रविवारी कागदावर दोन नवी नावं दिसतील, हे मी पाहिलेलं आहे. आणि दूध, साखर, कप यांचे पैसे तू स्वतःच्या पर्समधून घालतेस का? घालत असशील तर पावत्या ठेव आणि खजिनदाराला दे. लाजायचं काही नाही त्यात. पॅरिशच्या अंदाजपत्रकात त्याला बहुधा रक्कम ठेवलेली असते, आणि कुणी पावती दिलीच नाही तर पुढच्या वर्षी ती कापली जाते.

व्हेस्ट्रीबद्दल थोडक्यात. आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीसारखीच ती: पैसे, इमारत, गळकं छप्पर, आणि रेक्टर बदलायची वेळ आली तर नवा रेक्टर निवडणं. वार्षिक सभेत निवडतात, बहुतेक ठिकाणी तीन वर्षांसाठी. दर महिन्याला बैठक. तिथे तुझ्यासारखी बाई असायलाच हवी असं माझं ठाम मत आहे, पण यंदा नाही. आणि आधी रेक्टरबाईंना एक विचार: पॅरिशच्या नोंदवहीत माझं नाव आहे का? चार वर्षं राबतेस, पण सभासद म्हणून तुझी नोंद झाली आहे का, हे तुला तरी माहीत आहे का? नसेल तर नगरच्या मंडळीकडून पत्र मागव. बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा नसतो, तुझा तिथला बाप्तिस्मा इथे चालतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन मंडळ्या त्यात आल्या आणि ते आजही अँग्लिकन कम्युनियनचं सभासद आहे, म्हणजे एपिस्कोपल चर्च हे आपलं नात्यातलंच घर. आईला बिशप, धूप आणि झगे परके वाटत असतील तर हे तिला सांग. बाई रेक्टर आहे हे सांगितलंस की नाही अजून? 1976 साली या चर्चने बायकांना धर्मगुरुपदाची दीक्षा द्यायला मान्यता दिली, तेव्हा आता नवलाई राहिलेली नाही.

आणि नवऱ्याला सांग की "पाहुणे" हा शब्द जरा जपून वापर. अमेरिकन मिशनरी 1831 साली नगरला आले, ते काय पाहुण्यासारखे राहिले? शाळा काढल्या, भांडले, मराठी शिकले, तिथल्याच मातीत गेले. त्याचं म्हणणं मला कळतं, तुझे सुजलेले डोळे त्याने पाहिलेत. पण पाहुणी असतीस तर भांडी घासली नसतीस. आणि घरची असशील तर घरच्यासारखं "आज मला जमत नाही" म्हणता आलं पाहिजे. तुझं आत्ताचं दुखणं मधल्यामध्ये लटकलेलं आहे: काम घरच्या बाईचं आणि भीती पाहुणीची.

आता ज्याचं मला सगळ्यांत वाईट वाटलं ते. तू व्हिजिल चुकवलंस.

चार वर्षांत एकदाही पाहिलं नाहीस का? अंधारात बाहेर नवा विस्तव पेटवतात. त्यावरून मेणबत्ती पेटते, आणि ती घेऊन डीकन काळोख्या चर्चमध्ये शिरतो, तीनदा थांबतो, तीनदा "ख्रिस्ताचा प्रकाश" म्हणतो, आणि त्या एका ज्योतीवरून सगळ्यांच्या हातातल्या मेणबत्त्या उजळत जातात. मग पाठ. प्रार्थनापुस्तकात नऊ दिलेत. कितीही घाई असली तरी किमान दोन वाचतात, आणि लाल समुद्र ओलांडण्याचा पाठ कधीच गाळत नाहीत. मग बाप्तिस्म्याच्या वचनांचं नवीकरण. लोकांना पाच प्रश्न विचारतात आणि प्रत्येकाला सगळे मिळून उत्तर देतात, देवाच्या साहाय्याने करीन. ते पाच प्रश्न मुद्दाम वाच. शिक्षण आहे, सहभागिता आहे, भाकर मोडणं आहे, प्रार्थना आहे, शेजाऱ्यावर प्रीती आहे, न्यायासाठी झटणं आहे. अंडी उकडणं नाही. आणि शेवटी, भस्म बुधवारपासून गिळून ठेवलेला "हालेलूया" एकदम फुटतो, दिवे लागतात, घरून आणलेल्या घंटा लोक वाजवतात. आमच्याकडे एक मुलगा सायकलची घंटी घेऊन येतो. लहानपणी नगरला ईस्टरच्या पहाटे गाणी म्हणत फेरीला गेली असशील, तर तोच आनंद, फक्त रात्रीचा. आणि तू जिन्याखाली टोपात अंडी मोजत होतीस.

तर पुढच्या वर्षी व्हिजिलला तू वर असायचं, हे मी सल्ला म्हणून सांगत नाहीये, हट्ट धरतेय असं समज. जमलं तर लाल समुद्राचा पाठ वाचायला माग. उच्चाराची काळजी करू नकोस. गुलामीतून निघालेल्या लोकांची गोष्ट आपल्या उच्चारात जास्त शोभते, इंग्रजीला तेवढी झळ सोसेल. हवं तर पंडिता रमाबाईंची आठवण काढ. इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात राहत असताना 1883 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांचा पत्रांतून अधिकारावरून, आज्ञाधारकपणावरून किती वाद झाला! नवख्या होत्या, परक्या देशात होत्या, तरी मान खाली घालून "हो सिस्टर" म्हणाल्या नाहीत. आज एपिस्कोपल चर्चच्या संतस्मरणाच्या यादीत त्यांचं नाव आहे. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. यंदाचा ईस्टरही 5 एप्रिललाच होता. तुमच्या चर्चमध्ये कुणाच्या लक्षात आलं नसणार. रेक्टरबाईंना सांगून बघ, खूश होतील.

मेलच्या उत्तरात काय लिहायचं? फार कारणं देऊ नकोस. कारणं दिली की समोरचं माणूस ती एकेक करून सोडवायला बसतं. "विचारल्याबद्दल आभार. यंदा व्हेस्ट्री आणि गिल्डची जबाबदारी मी घेत नाही. कॉफी अवर आणि एग हंट दुसऱ्या कुणाकडे द्यावं. अल्टार गिल्डमध्ये मी राहणार आहे, आणि पवित्र गुरुवारी वेदी उतरवण्याचं काम माझ्याकडेच ठेवा. नोव्हेंबरमध्ये माझे वडील गेले, त्याबद्दल तुमच्याशी एकदा बोलायचं आहे." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तुझ्या पत्रावरून मला शंका आहे की रेक्टरबाईंना हे माहीतच नाही. साठ-सत्तर माणसांच्या पॅरिशमध्ये वडील गेलेली मुलगी कामांच्या यादीत सगळीकडे दिसते आणि शोकाच्या यादीत कुठेच नाही, ही त्यांची चूक कमी आणि तुझी जास्त. तू सांगितलं नाहीस.

वेदीचं काम मात्र सोडू नकोस. सगळं उतरवलेल्या लाकडावरून, गेलेल्या माणसाचं अंग पुसावं तसा हात फिरतो. बाबांच्या वेळी तू नगरला पोचू शकलीस की नाही, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारत नाही.

पुढच्या वर्षी पवित्र गुरुवार 25 मार्चला आहे. भांडी आणि टॉवेल त्या दिवशी दुसरं कुणी सांभाळेल. तू खुर्चीत बसायचं. त्या जुन्या बाई पाय धुवत असतील ती खुर्ची मिळाली तर उत्तमच, नाही तर जी असेल ती. चटकन निघतील असे पायमोजे घाल. आणि टाचांना आठवडाभर आधीपासून खोबरेल लावत जा, म्हणजे निदान ती सबब राहणार नाही.

तुझी,
ताई